लिनक्स अपडेटनंतर कोसळणारा टेक्स्ट एडिटर

लिनक्सवर अपडेट झाल्यावर टेक्स्ट एडिटर कोसळू लागला, तरी अनेकदा खुद्द एडिटरमध्ये काहीच बदललेले नसते. बदललेले असते ते त्याच्या खालचे काहीतरी: खिडक्या रंगवणारी जीटीके किंवा क्यूटी, अक्षरे जुळवणारी हार्फबझ, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, पायथॉनची आवृत्ती, नाहीतर सगळ्यांच्या तळाशी असलेली जीलिबसी. लिनक्स वितरणांमध्ये एकच लायब्ररी शेकडो प्रोग्राम वाटून घेतात. त्यामुळे डिस्कवरची जागा वाचते, सुरक्षेची दुरुस्ती एकदा केली की सगळ्यांना मिळते, आणि एका लायब्ररीतला दोषही सगळ्यांच्या वाट्याला येतो.

म्हणूनच एडिटर काढून पुन्हा इन्स्टॉल करणे हा हमखास सुचवला जाणारा उपाय बहुधा फुकट जातो. पुन्हा तीच आवृत्ती येते, खालच्या लायब्ररी जशाच्या तशा राहतात आणि वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधल्या सेटिंगना तर कोणी हातही लावत नाही. दोष कोणत्या थरात आहे हे आधी ठरवायचे आणि मगच काहीतरी काढायचे किंवा टाकायचे, हा क्रम पाळला तर बरेचसे काम अर्ध्या तासात उरकते.

कमांडची नावे इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत आणि वेगळे सांगितले नसेल तर लहान अक्षरांत टाइप करायची.

आधी मजकूर वाचवणे

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी जतन न झालेला मजकूर बाजूला काढून ठेवावा, कारण पुढच्या काही उपायांत तोच पुसला जाण्याचा धोका असतो. जीनोमचा टेक्स्ट एडिटर मार्च 2022 मध्ये जीनोम 42 बरोबर जीएडिटच्या जागी आला आणि त्याच वर्षी उबुंटू 22.10 मध्येही तोच मुख्य एडिटर झाला. हा एडिटर सेव्ह न केलेले मसुदे स्वतःहून साठवतो. होम फोल्डरमध्ये ‘.लोकल’, त्यात ‘शेअर’ आणि त्यात एडिटरच्याच नावाचे फोल्डर असते. त्याच्या आत ‘ड्राफ्ट्स’ या फोल्डरमध्ये ते मसुदे साध्या मजकुराच्या स्वरूपात पडलेले असतात. ‘सेटिंग फोल्डर उडवून टाका’ असा सल्ला ऐकून हे अख्खे फोल्डर डिलीट केले की मसुदेही गेले. आधी त्याची प्रत दुसरीकडे ठेवावी.

व्हिम प्रत्येक उघड्या फाइलसाठी टिंबाने सुरू होणारी स्वॅप फाइल ठेवतो. ‘व्हिम -आर’ दिले की वाचवता येण्यासारख्या फाइलींची यादी दिसते आणि पुढे फाइलचे नाव जोडले की मजकूर परत मिळतो. ईमॅक्स आपली आपोआप केलेली प्रत नावाच्या दोन्ही बाजूंना हॅशचे चिन्ह लावून त्याच फोल्डरमध्ये ठेवतो. केटची स्वॅप फाइलही मूळ फाइलशेजारीच लपलेली असते. जीएडिट मात्र याबाबतीत कोरडा आहे: आपोआप जतन करण्याचा पर्याय आधीपासून चालू नसेल, तर हाती फारसे काही लागत नाही.

खरेच कोसळतो आहे का?

अपडेटनंतर संगणक रीस्टार्ट केलेला नसेल तर पहिला उपाय तोच. तो ऐकायला बाळबोध वाटतो, पण त्यामागचे कारण पक्के आहे. चालू प्रोग्रामने जुनी लायब्ररी मेमरीत धरून ठेवलेली असते आणि अपडेटने डिस्कवर नवी आणलेली असते. प्रोग्रामने मध्येच एखादे प्लगइन किंवा स्पेलचेकचा भाग उचलला, की जुन्याला नवा भाग जोडला जातो आणि दोघांचे जमत नाही. हे टाळण्यासाठीच फेडोराने आवृत्ती 18 पासून डेस्कटॉपवरचे अपडेट रीस्टार्टच्या वेळी, इतर प्रोग्राम बंद असताना करण्याची सोय आणली. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बदलला असेल तर रीस्टार्ट टळतच नाही, कारण कर्नलमधला भाग जुना आणि लायब्ररी नवी अशी अवस्था होते. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही कमांड अशा वेळी आवृत्त्या जुळत नसल्याचे सरळ सांगते.

रीस्टार्टनंतरही तेच घडत असेल, तर एडिटर मेनूतून न उघडता टर्मिनलमधून उघडावा. मेनूतून उघडलेला प्रोग्राम निमूट मरतो. टर्मिनलमधला जाता जाता काहीतरी बोलतो. खिडकी नाहीशी झाल्यावर लगेच ‘एको’, जागा, डॉलरचे चिन्ह आणि प्रश्नचिन्ह एवढे टाइप केले की प्रोग्राम कोणत्या आकड्याने संपला ते कळते. 139 आला तर प्रोग्रामने मेमरीत नको तिथे हात घातला; यालाच सेगमेंटेशन फॉल्ट म्हणतात. 134 म्हणजे काहीतरी बिनसल्याचे ओळखून प्रोग्रामने स्वतःच काम थांबवले, आणि अशा वेळी वरच्या एकदोन ओळींत बहुधा कारणही छापलेले असते. 137 असेल तर तो क्रॅश नव्हेच, बाहेरून कोणीतरी त्याला मारले आहे. मेमरी संपत आली की कर्नल किंवा उबुंटू 22.04 पासून आलेला सिस्टिमडी-ओओएमडी हे काम करतो. एखादी अवाढव्य लॉग फाइल उघडताना हे सहज घडते, आणि त्याचे खापर विनाकारण अपडेटवर फुटते.

‘शेअर्ड लायब्ररी लोड करताना चूक’ किंवा ‘सिम्बॉल सापडला नाही’ अशा अर्थाची ओळ दिसली, तर पुढचे बरेच टप्पे वगळून थेट लायब्ररींकडे वळावे. तो भाग पुढे आहे.

टर्मिनल काहीच बोलले नाही, तर सिस्टिमची नोंदवही उघडावी. ‘जर्नलसीटीएल -बी’ ने संगणक चालू झाल्यापासूनच्या नोंदी मिळतात. त्यातही सोयीची आहे ती ‘कोरडम्पसीटीएल लिस्ट’. फेडोरा आणि आर्चवर ती तयारच असते. उबुंटूवर अपोर्ट नावाची वेगळी यंत्रणा असून तिचे अहवाल ‘/व्हार/क्रॅश’ मध्ये जमतात. ‘कोरडम्पसीटीएल इन्फो’ दिले की शेवटच्या क्रॅशची हकिगत समोर येते: वेळ, सिग्नल, आणि एकाखाली एक रचलेल्या फंक्शनच्या ओळी. त्या ओळी समजल्या नाहीत तरी चालते. प्रत्येक ओळीत लायब्ररीचे नाव असते आणि वरच्या पाचसहा ओळींमध्ये कोणते नाव पुन्हा पुन्हा येते एवढेच पाहायचे. ‘लिबजीटीके’ किंवा ‘लिबव्हल्कन’ दिसले तर चित्रण, ‘लिबहार्फबझ’ किंवा ‘लिबपँगो’ दिसले तर अक्षरे, ‘लिबपायथॉन’ दिसले तर प्लगइन, ‘लिबएन्चंट’ किंवा ‘लिबहनस्पेल’ दिसले तर स्पेलचेक. सगळ्यात वर बहुधा जीलिबसीचे नाव असते. तिच्यावर संशय घेऊ नये, कारण मरतानाची शेवटची क्रिया अनेकदा तिच्याच हातून होते.

घरचा दोष की बाहेरचा

दोष होम फोल्डरमध्ये आहे की सिस्टिममध्ये, हे ठरवायची सर्वात खात्रीची रीत म्हणजे नवे वापरकर्ता-खाते उघडून तिथे एडिटर चालवून पाहणे. तिथे नीट चालला तर सिस्टिम बहुतांशी निर्दोष आहे, आणि मूळ खात्यातल्या सेटिंग, प्लगइन, थीम किंवा जुन्या सत्राकडे बोट जाते. तिथेही कोसळला तर होम फोल्डर उकरत बसण्यात अर्थ नाही.

खाते न उघडताही काही चाचण्या होतात. ‘व्हिम --क्लीन’ आणि ‘ईमॅक्स -क्यू’ (यातला क्यू मोठा) दिले की हे दोन्ही एडिटर वैयक्तिक सेटिंग न वाचता उघडतात. व्हीएस कोडसाठी ‘कोड --डिसेबल-एक्स्टेन्शन्स’ आहे. जीनोमच्या प्रोग्रामची सेटिंग डीकॉन्फ नावाच्या डेटाबेसमध्ये असतात, त्यामुळे नुसती फाइल बाजूला सारून भागत नाही. त्यासाठी कमांडच्या आधी ‘जीसेटिंग्ज_बॅकएंड=मेमरी’ लिहावे; बरोबरच्या चिन्हाआधीचे नाव (याला चल म्हणतात) मोठ्या अक्षरांत, आणि पुढे येणाऱ्या अशा सगळ्या चलांची नावेही तशीच. तेवढ्या वेळेपुरता एडिटर कोऱ्या सेटिंगवर उघडतो आणि जुन्या सेटिंगना धक्का लागत नाही. त्यात तो नीट चालला, तरच ‘डीकॉन्फ रीसेट -एफ’ने त्या एडिटरची सेटिंग मूळपदावर आणावीत. या कमांडला नेमका पथ द्यावा लागतो, आणि त्याजागी नुसती तिरकी रेघ दिली तर सगळ्या डेस्कटॉपची सेटिंग पुसली जातात. तेव्हा एंटर दाबण्याआधी ओळ दोनदा वाचलेली बरी.

एक फसवा प्रकार सत्राचा असतो. जीनोमचा टेक्स्ट एडिटर उघडताना मागच्या वेळच्या फाइली पुन्हा उघडतो. त्यातल्या एका फाइलमुळे तो कोसळत असेल, तर प्रत्येक वेळी उघडताक्षणी मरतो आणि अख्खा एडिटरच मोडला असे वाटते. ‘जीनोम-टेक्स्ट-एडिटर --इग्नोअर-सेशन’ अशी सुरुवात केली की हे चक्र तुटते. मग संशयित फाइली एकेक करून उघडाव्यात. सापडलेली फाइल ‘लेस’ किंवा ‘नॅनो’मध्ये उघडून पाहिली तर कारण अनेकदा डोळ्यांसमोरच असते: लाखो अक्षरांची एकच न तुटणारी ओळ, किंवा मजकूर म्हणून उघडलेली पण मजकूर नसलेली फाइल.

मालकीचा घोळही याच सदरात येतो. कधीतरी सुडो लावून एडिटर उघडला गेला असेल, तर ‘.कॉन्फिग’ किंवा ‘.कॅश’मधल्या काही फाइली रूटच्या नावावर होतात. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडताना त्या फाइलींत लिहू पाहते आणि तिथेच अडखळते. ‘एलएस -एल’ने मालक पाहून ‘चौन’ने मालकी परत करणे एवढाच त्यावर इलाज.

प्लगइनचा बळी बहुधा पायथॉनमुळे जातो. उबुंटू 22.04 मध्ये पायथॉन 3.10 होता, 24.04 मध्ये 3.12 आला, आणि 3.12 मधून डिस्टयुटिल्स व इम्प हे जुने मॉड्यूल काढून टाकलेले आहेत. त्यांच्यावर उभी असलेली प्लगइन या बदलाबरोबर निकामी झाली. साध्या पायथॉन चुकीमुळे एडिटर सहसा कोसळत नाही, प्लगइन तेवढे बंद पडते. पण प्लगइनला सी भाषेतला संकलित भाग जोडलेला असेल तर एडिटरही सोबत जातो. जीएडिटची हाताने टाकलेली प्लगइन ‘.लोकल/शेअर/जीएडिट/प्लगइन्स’ मध्ये असतात. त्या फोल्डरचे नाव बदलून पाहणे ही एका मिनिटाची चाचणी आहे. ईमॅक्सच्या 28 व्या आवृत्तीपासून संकलित कोड ‘ईएलएन-कॅश’ या फोल्डरमध्ये साठतो. आवृत्ती बदलल्यावर विचित्र चुका दिसल्या तर तो खुशाल काढून टाकावा, ईमॅक्स तो नव्याने बनवतो.

चित्र रंगवणारा थर

गेल्या काही वर्षांत अपडेटनंतरच्या क्रॅशमध्ये या थराचा वाटा डोळ्यांत भरण्याजोगा आहे. जीटीके 4 वर बनलेला एडिटर पडद्यावरचे प्रत्येक अक्षर ग्राफिक्स कार्डाच्या मदतीने रंगवतो. मार्च 2024 मध्ये आलेल्या जीटीके 4.14 ने रंगवण्याची पद्धत बदलून नवा ओपनजीएल रेंडरर मुख्य केला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात 4.16 ने वेलँडवर व्हल्कनला पुढे आणले. नव्या, चांगल्या ड्रायव्हरवर हे बदल सुरळीत पार पडले. जुन्या कार्डांवर, आभासी यंत्रांमध्ये आणि काही ड्रायव्हरवर मात्र काळ्या खिडक्या, विस्कटलेली अक्षरे आणि सरळ क्रॅश असे अनुभव आले. एडिटर होता तोच राहिला.

याची चाचणी सोपी आहे. कमांडच्या आधी ‘जीएसके_रेंडरर=कैरो’ लिहून एडिटर उघडावा. कैरो ग्राफिक्स कार्डाला हात न लावता प्रोसेसरवरच चित्र काढतो, त्यामुळे संथ असला तरी भरवशाचा आहे. त्यात एडिटर टिकला तर दोष रंगवण्याचाच, हे सिद्ध झाले. मग कैरोच्या जागी ‘एनजीएल’ लिहून पाहावे. तो चालला तर वेगही टिकतो आणि व्हल्कन तेवढा टळतो. केटसारखे क्यूटीवरचे एडिटर आणि इतर ओपनजीएल प्रोग्राम यांच्यासाठी ‘लिबजीएल_ऑलवेज_सॉफ्टवेअर=1’ हा तोडगा आहे, तर व्हीएस कोडसारख्या इलेक्ट्रॉनवरच्या एडिटरला ‘--डिसेबल-जीपीयू’ जोडता येते. ‘जीडीके_बॅकएंड=एक्स11’ दिल्यावर क्रॅश थांबला, तर वेलँडकडे पाहावे.

लागू पडलेले चल ‘.कॉन्फिग/एन्व्हायर्नमेंट.डी’ या फोल्डरमध्ये ‘.कॉन्फ’ने संपणाऱ्या छोट्या फाइलीत लिहून ठेवले की पुढच्या लॉगिनपासून ते कायम लागू राहते. मात्र ते त्या एका एडिटरपुरते न राहता सगळ्या जीटीके प्रोग्रामना लागते, आणि कैरोवर चाललेला फोटो पाहण्याचा प्रोग्राम चांगलाच रेंगाळतो. ड्रायव्हर सुधारला की ती फाइल काढून टाकावी.

जीटीके 4 साठी ‘जीटीके.सीएसएस’ हाताने बदलून थीम लावण्याची हौस असलेल्यांनी ‘.कॉन्फिग/जीटीके-4.0’ हे फोल्डरही तात्पुरते बाजूला करून पाहावे.

देवनागरी मजकूर आणि टायपिंग

इंग्रजी फाइल नीट उघडते आणि मराठी फाइल उघडताच एडिटर कोसळतो, असे झाले तर तपास बराच आखूड होतो. रोमन अक्षरे एकापुढे एक मांडली की झाले. देवनागरीत मात्र ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी न्यावी लागते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवावा लागतो, जोडाक्षरे फॉन्टमधल्या नियमांनुसार बनवावी लागतात. हे काम हार्फबझ करते आणि पँगो त्यातून ओळी पाडते. त्यामुळे फॉन्टमधली एखादी चुकीची नोंद इंग्रजीत कधीच न जाणवता ‘र्क’ किंवा ‘ष्ट्र’वर जाणवते. चाचणीसाठी एडिटरचा फॉन्ट बदलून नोटो किंवा लोहित देवनागरी निवडावा. पँगोच्या साधनांच्या पॅकेजमध्ये ‘पँगो-व्ह्यू’ नावाचा छोटा प्रोग्राम असतो. तीच मराठी फाइल त्याला दिली आणि तोही कोसळला, तर एडिटर निर्दोष सुटला. अपडेटनंतर फॉन्टची साठवलेली यादी बिघडल्याचा संशय असेल तर ‘एफसी-कॅश -एफ’ने ती नव्याने बनते.

फाइल उघडते, पण मराठी टाइप करायला घेतले की कोसळते, ही वेगळी गोष्ट आहे. तिथे संशय आयबस किंवा फिटएक्स या इनपुट यंत्रणेवर जातो. इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक पद्धतीने टाइप करताना प्रत्येक कळ आधी तिच्याकडे जाते आणि मग एडिटरकडे येते. या दोघांमधला दुवा म्हणजे जीटीकेचे एक मॉड्यूल. ‘जीटीके_आयएम_मॉड्यूल=जीटीके-आयएम-कॉन्टेक्स्ट-सिम्पल’ असे देऊन एडिटर उघडला की ही यंत्रणा बाजूला होते. तेवढ्या वेळेपुरते त्या एडिटरमध्ये मराठी टाइप करता येणार नाही, पण क्रॅश थांबला का ते कळते. थांबला असेल तर आयबस आणि त्याचे मराठी इंजिन असलेले एम17एन पॅकेज एकाच वेळी, एकाच भांडारातून अपडेट झाले आहे ना, ते पाहावे. स्पेलचेक बंद करून पाहण्याची चाचणीही इथेच करून घ्यावी.

लायब्ररींची जुळणी

‘सिम्बॉल सापडला नाही’ या चुकीमागे जवळपास नेहमीच एक नको असलेली जुनी लायब्ररी असते. पूर्वी कधीतरी हाताने संकलित करून ‘/युझर/लोकल/लिब’मध्ये टाकलेली, किंवा ॲनाकोंडासारख्या संचाबरोबर आलेली. लायब्ररी शोधताना सिस्टिम आधी तिथे डोकावते आणि नव्या एडिटरच्या हाती जुनी लायब्ररी देते. ‘एलडीडी’ला एडिटरच्या मूळ फाइलचा पथ दिला की कोणती लायब्ररी कुठून उचलली जाते त्याची यादी मिळते. त्यात नेहमीच्या सिस्टिम फोल्डरबाहेरचा पथ दिसला की चोर सापडला. ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ हे चल रिकामे करून पुन्हा चालवणे ही त्याची पडताळणी.

अर्धवट अपडेट हा दुसरा संशयित. वीज गेली, डिस्क भरली, इंटरनेट तुटले, की काही पॅकेज नवी आणि काही जुनी अशी खिचडी होते. उबुंटू आणि डेबियनवर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि त्यानंतर ‘एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ हा क्रम उपयोगी पडतो. ‘डीपीकेजी --व्हेरिफाय’ किंवा फेडोरावर ‘आरपीएम -व्ही’ (यातला व्ही मोठा) बिघडलेल्या फाइली दाखवतात. आर्चवर लोक ही खिचडी स्वतःच्या हाताने शिजवतात: पॅकेजची यादी ताजी करून एकच पॅकेज टाकायचे आणि बाकीचे तसेच ठेवायचे. आर्चला हा प्रकार मान्य नाही. तिथे ‘पॅकमॅन -एसवाययू’ने सगळेच एकदम अपडेट करावे, यातला फक्त एस मोठा.

एडिटर फ्लॅटपॅक किंवा स्नॅपमधून घेतलेला असेल तर त्याच्या लायब्ररी स्वतंत्र असतात आणि वरचे बरेच काही त्याला लागू होत नाही. एक अडचण मात्र त्याची स्वतःची आहे. एनव्हिडियाचा ड्रायव्हर सिस्टिममध्ये बदलला, की फ्लॅटपॅकच्या आतही त्याच आवृत्तीचा ग्राफिक्स भाग लागतो. तो ‘फ्लॅटपॅक अपडेट’ चालवल्यावरच येतो.

मागे जाणे

दोष वितरणाच्या पॅकेजमध्येच असेल तर दुरुस्ती येईपर्यंत आधीच्या आवृत्तीवर परतावे. अपडेटच्या दिवशी नेमके काय बदलले हे उबुंटू आणि डेबियनवर ‘/व्हार/लॉग/एपीटी’मधल्या ‘हिस्टरी.लॉग’मध्ये, आर्चवर ‘पॅकमॅन.लॉग’मध्ये आणि फेडोरावर ‘डीएनएफ हिस्टरी’ने कळते. क्रॅशच्या ओळींत सापडलेले नाव आणि ही यादी शेजारी ठेवली की मागे न्यायचे पॅकेज बहुधा एकच उरते. सगळेच मागे नेण्याचा मोह टाळावा, कारण त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्याही जातात.

फेडोरावर ‘डीएनएफ डाउनग्रेड’ हे काम करतो. उबुंटूवर ‘एपीटी पॉलिसी’ने मिळणाऱ्या आवृत्त्या पाहून, पॅकेजच्या नावापुढे बरोबरचे चिन्ह आणि आवृत्ती लिहून इन्स्टॉल करावे लागते. आर्चवर जुनी पॅकेज ‘/व्हार/कॅश/पॅकमॅन/पीकेजी’मध्ये पडून असतात, कोणी साफसफाई केली नसेल तर. ‘स्नॅप रिव्हर्ट’ एका ओळीत मागे नेतो. जीलिबसी मात्र कधीही एकटी मागे नेऊ नये. ती बिघडली तर ‘एलएस’सुद्धा चालत नाही.

मग त्रुटीची नोंद करावी: वितरणाच्या ट्रॅकरवर, किंवा दोष मूळ प्रकल्पाचा असल्याचे चाचण्यांतून दिसले असेल तर जीनोमच्या गिटलॅबवर वा केडीईच्या बगझिलावर. पॅकेजची आधीची आणि नंतरची आवृत्ती, ग्राफिक्स कार्ड, वेलँड की एक्स11, क्रॅशच्या ओळी, आणि कोणत्या चाचणीत क्रॅश थांबला, एवढे लिहिले तरी नोंद कामाची होते. ‘कोरडम्पसीटीएल डीबग’ने जीडीबी उघडून ‘बीटी फुल’ घेतले तर फारच चांगले. डीबगइन्फोडीच्या सोयीमुळे फंक्शनची नावे आता आपोआप उतरवली जातात. पण मूळ कोर फाइल जाहीर ठिकाणी जोडू नये. ती त्या क्षणाच्या मेमरीची प्रत असते, म्हणजे एडिटरमध्ये उघडलेले पत्र किंवा पासवर्डही तिच्यात असू शकतो. ‘बीटी फुल’च्या ओळींतही मजकुराचे तुकडे डोकावतात, म्हणून पाठवण्याआधी त्या वाचून घ्याव्यात.

मागे नेलेले पॅकेज पुढच्या अपडेटमध्ये पुन्हा वर जाऊ नये म्हणून ‘एपीटी-मार्क होल्ड’ने किंवा आर्चवर ‘इग्नोअरपीकेजी’ या ओळीने रोखून ठेवता येते. हा अडसर दुरुस्ती आल्यावर आपोआप निघत नाही. ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’ रोखलेल्या पॅकेजची यादी देतो आणि ‘अनहोल्ड’ त्यांना मोकळे करतो. नोंदवलेली त्रुटी बंद झाल्याची सूचना आली की ते त्याच दिवशी करून टाकावे.